उलटी अक्षरं

सेतुबाल बंदराच्या मागं, सार्डिनच्या डब्यांची लेबलं छापायचा कारखाना.
तिथं मी शाईचा रूळ फिरवायचो
आणि फेलिज्मिना दगड घासायची.

दगड बव्हेरियाचे, पिवळट राखाडी,
चौघांनी मिळून उचलायचे.
वर वाळू, वाळूवर पाणी,
पाण्यावर लोखंडी तबकडी, तिला एक मूठ,
आणि मुठीवर तिचे दोन्ही हात
आठाच्या आकड्यात फिरत, जेवणाच्या सुट्टीपर्यंत.
आधी जाड खरखर,
मग बारीक,
मग नुसती कुजबुज.
कुजबुज आली की ती म्हणायची, "झाला कोरा."

चित्र काढायचा एव्हारिश्तु.
तेलकट खडू, आणि हात टेकायला लाकडी फळी,
कारण दगडाला बोट लागलं तर बोटही छापून येतं.
काढायचं ते सगळं उलटं.
होडी डावीकडं न्यायची तर उजवीकडं वल्हवायची,
अक्षरं शेपटीकडून डोक्याकडं लिहायची.
मग डिंकात कालवलेलं आम्ल. मग ओला स्पंज.
तेलाचं आणि पाण्याचं जन्माचं वाकडं,
त्या वाकड्यावर आम्हा अकरा जणांचं पोट.

नीट घासलं नाही तर जुनं चित्र वर येतं.
एकदा टोमॅटोच्या रसातल्या माशावर
साबणाच्या जाहिरातीतल्या बाईचा कान उगवला होता.
आठवड्याचा पगार गेला. फेलिज्मिनाचा.
त्यानंतर ती कुजबुजीवर कान ठेवून घासायची.
सव्वीस वर्षं.
चार बोटं जाडीचे दगड दोन बोटांवर आले,
एव्हारिश्तुनं काढलेले सगळे मासे
गढूळ पाण्यातून गटारात, गटारातून समुद्रात,
मासळीकडं परत.

शाळा तिनं पाहिली नव्हती.
अक्षरं शिकली ती दगडावर, पुसता पुसता.
'तेल' वाचता यायचं, 'ताजे', 'सेतुबाल',
सगळं उजवीकडून.
वर्तमानपत्रात तेच शब्द तोंड फिरवून उभे राहायचे,
ओळख न देणाऱ्या नातेवाइकांसारखे.
आम्ही हसायचो.
एव्हारिश्तु हसायचा नाही.
कधी दगडाच्या कडेला, जिथवर कागद पोचत नाही,
तो तिच्यासाठी काहीतरी लिहायचा.
काय, ते मला लागायचं नाही, मी सुलट शिकलेला.
ती वाचायची, नाक ओढायची,
आणि आधी तेवढंच घासून टाकायची.

त्या हिवाळ्यात एक अक्षर त्याच्या हातून सुलट निघालं.
एकच.
तिनं बोट दाखवलं, दगडाला न लावता.
तो बराच वेळ बघत राहिला.
मग सुरीनं खरवडलं, पुन्हा काढलं, म्हणाला, "थकलो."
फेब्रुवारीत छातीनं गेला.

पुतण्यानं हप्त्यावर काळा दगड लावला.
छिन्नीनं खोदलेलं नाव, दोन तारखा.
फेलिज्मिना समोर उभी, तिला वाचता येईना.
मी वाचून दाखवतो म्हटलं, तिनं मान हलवली.
पिशवीतून कारखान्यातला आरसा काढला,
ज्यात आम्ही अक्षरं तपासायचो,
थडग्याकडं पाठ केली, आरसा खांद्याशी धरला
आणि वाचला त्याला, एकेक अक्षर, शेवटाकडून.
मग वळून तळवा ठेवला दगडावर.
तळवा एकदा फिरला, आठाच्या आकड्यात,
सवयीनं असेल.
काळ्या दगडावरची रेघ म्हणतात ती हीच.
उतारावर मला म्हणाली,
"फार खोल आहे रे. हे कोण घासणार?"

सोमवारी त्याचा शेवटचा दगड निघाला.
मालक दारात घड्याळ काढून उभा.
जाड खरखर. मग बारीक.
कुजबुज यायची होती अजून,
तेवढ्यात तिनं मूठ सोडली, पदराला हात पुसले,
"झाला कोरा."

मला ऐकू आलं होतं.
मी रूळ शाईवर ठेवला.